अकराव्या-बाराव्या रकान्यातली पणजी

प्रश्न : नमस्कार ताई. मी मिरजेहून लिहितेय, वय ७१, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या. माझी लेक अमेरिकेत मिलवॉकीला असते, जावई तिथलाच. नातीला शाळेत फॅमिली ट्रीचं प्रोजेक्ट आहे. आमच्या बाजूची सात पिढ्यांची वंशावळ मी एका बैठकीत सांगितली पण जावयाच्या बाजूला अडलंय. त्याला एवढंच माहीत की पणजोबा १८८४ साली जर्मनीहून आले, एलिस आयलंडला उतरले, कातड्याच्या कारखान्यात कामाला होते. बास. एक फोटो आहे, मिशा आणि चामड्याचा एप्रन. जावयाने ऑनलाईन १९०० सालच्या शिरगणतीचं पान शोधलंय, त्याची प्रिंट सोबत पाठवतेय, मला त्यातलं काही कळत नाही. आणि एक विचारू का, जावई हसत हसत सांगतो की त्याच्या पणजीच्या बोटांचे ठसे पोलिसांनी घेतले होते. बाई गुन्हेगार होती की काय? नातीच्या प्रोजेक्टमध्ये ते लिहायचं का नाही?

उत्तर : काकू, ठशांचं शेवटी सांगते, ते प्रकरण मोठं आहे. आधी एलिस आयलंड खोडा. ते सुरूच झालं १ जानेवारी १८९२ ला. १८८४ ला न्यूयॉर्कला आलेला माणूस कॅसल गार्डनला उतरला, मॅनहॅटनच्या टोकाला एक जुना गोल किल्ला आहे तिथे १८५५ ते १८९० हे काम चालायचं. मी इथे शिकागोजवळ आमच्या लायब्ररीत लोकांना जुने कागद काढून द्यायला बसते, दहातले आठ जण एलिस आयलंडच सांगतात, सिनेमात तेच दाखवतात ना.

आता तुमचं पान. फार छान पान आहे हो हे. १९०० ची अमेरिकन शिरगणती म्हणजे भोचक शेजारीण, सगळं विचारते. सातव्या रकान्यात जन्माचा महिना आणि साल, पणजोबा मार्च १८६१. सोळाव्यात आल्याचं साल १८८४, म्हणजे तेविसाव्या वर्षी. त्या दशकात जर्मनीतून जवळपास साडेचौदा लाख माणसं अमेरिकेला आली, एकट्या १८८२ मध्ये अडीच लाख. कशाला आली? तुमच्या फोटोच्या मागे जावयाने पॉमर्न लिहिलंय म्हणून सांगते, हा बाल्टिक समुद्राकाठचा भाग, मोठमोठ्या जमीनदारांचा, बाकीचे त्यांच्या शेतावर राबणारे, आणि त्याच वर्षांत अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजं भरभरून युरोपात यायला लागला तसे धान्याचे भाव पडले, त्यात तरण्या पोरांना तीन वर्षं लष्करात सक्तीची नोकरी. मग आधी गेलेला भाऊ नाहीतर गाववाला तिकडून बोटीचं तिकीट काढून पाठवायचा. कोकणातून मुंबईला गिरणीत लोक गेले ते असेच, एकाच्या मागे दुसरा. गाव शोधायला जाल तर जर्मनीच्या नकाशात सापडेलच असं नाही, पॉमर्नचा मोठा भाग आता पोलंडमध्ये आहे आणि गावांची नावं पोलिश झालीत.

एकोणिसावा रकाना, धंदा : टॅनरीत मजूर. मिलवॉकी बिअरसाठी प्रसिद्ध पण कातड्याचंही तेवढंच मोठं गाव होतं, कारण विस्कॉन्सिनच्या जंगलात हेमलॉकची झाडं होती आणि त्याच्या सालीत कातडं कमावायचा अर्क असतो. आपल्याकडे बाभळीची साल, तरवड, हिरडा वापरतात तसंच. काम कसं, तर ओली कातडी चुन्याच्या हौदात टाकायची म्हणजे केस सुटतात, मग लाकडाच्या उतरत्या ओंडक्यावर कातडं पसरून दोन मुठींच्या सुरीने वाकून वाकून केस आणि मास खरवडायचं, मग सालीच्या काढ्याच्या हौदांत एकातून दुसऱ्यात, जाड तळव्याचं कातडं असेल तर महिनोन्‌महिने. हात चुन्याने फाटलेले, अंगाला वास. तो एप्रन फोटोसाठी घातलेला नाही काकू, तो कामाचाच आहे. आणि एक गोष्ट मला नेहमी वाटते, जर्मन भाषेत गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा, आणि गेर्बर आडनावाचे लोक ते आडनाव बिनधास्त लावतात. आपल्याकडे हेच काम करणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलं. वास तोच, चुना तोच.

मजुरी त्या काळात साध्या मजुराला दिवसाला सव्वा-दीड डॉलर, दहा तासांची, आठवड्याला सहा दिवस. पण पुढचा विसावा रकाना बघा, वर्षात किती महिने काम नव्हतं : ३. म्हणजे वर्षाचा पगार बारा महिन्यांचा धरूच नका. चोविसावा रकाना, इंग्रजी येतं का : नाही. सोळा वर्षं अमेरिकेत राहून नाही! जावयाला धक्का बसेल पण मिलवॉकीत त्याची गरजच नव्हती. फोरमन जर्मन, पाद्री जर्मन, वाणी जर्मन, पेपर जर्मन, गुत्ता तर जर्मनच, आणि सरकारी शाळेतसुद्धा जर्मन शिकवत. (पोरांना केजीत घालतो ना आपण, त्यातला के म्हणजे किंडरगार्टन, आणि अमेरिकेतली पहिली किंडरगार्टन याच विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाऊन गावात १८५६ ला एका जर्मन बाईने आपल्या घरात काढली, मार्गारेट शुर्त्स तिचं नाव.)

आता खरं पान सुरू होतं, पणजोबांच्या खालची ओळ. पणजी. जन्म १८६६, विस्कॉन्सिन, आईबाप जर्मनीचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती अमेरिकेत जन्मलेली आहे, शेवटी लागणार आहे. लग्नाला १४ वर्षं. अकरावा रकाना, किती मुलांची आई : ९. बारावा, त्यातली हयात : ५.

एवढंच लिहिलंय, नऊ आणि पाच, शिरगणतीवाल्याने दारात उभं राहून विचारलं असणार आणि तिने सांगितलं असणार. बाकीच्या चौघांचं नाव या पानावर कुठेच नाही. घटसर्प, स्कार्लेट फीवर, उन्हाळ्यात नासक्या दुधाने होणारे जुलाब, त्या वस्त्यांमधून पोरं याच्याने जायची. त्यात १८९४ ला मिलवॉकीत देवीची साथ आली, आरोग्य खात्याची माणसं घरात घुसून आजारी पोरं उचलून हॉस्पिटलात न्यायला लागली आणि शहराच्या दक्षिण भागातल्या जर्मन आणि पोलिश बायका काठ्या आणि उकळतं पाणी घेऊन त्यांच्या गाड्यांवर धावून गेल्या. हे वाचलं तेव्हा मला पुण्याचा प्लेग आणि रँडच आठवला, तिकडे १८९७, इकडे १८९४. तुमची पणजी त्यात होती का ते कागदावरून सांगता यायचं नाही, पण त्या साली तिच्या पदरात लहान पोरं होती एवढं पान सांगतं.

आणखी खाली दोन बाप्ये आहेत, आडनाव वेगळं, नात्याच्या रकान्यात बोर्डर. म्हणजे पैसे देऊन राहणारे जेवणारे. आपली खानावळवाली बाई असते तसं. म्हणजे पहाटे उठून सात माणसांचं घर आणि वर दोन पाव्हणे, त्यांचा डबा, त्यांची टॅनरीच्या वासाची कपडे, कोळशावर पाणी तापवून. पण पणजीच्या धंद्याचा रकाना मात्र कोरा! पंचविसावा-सव्विसावा रकाना म्हणतो घर स्वतःचं पण गहाण. ते घर दीड डॉलर रोजाने आणि तीन महिने बसून कोणी घेतलं असेल ते तुम्हीच हिशोब करा. नातीला सांगा, पणजीच्या नावापुढे धंदा लिही.

पोरांमधली शेवटची ओळ, मुलगा, वय ८/१२. घाबरू नका, आठ महिन्यांचं बाळ असं लिहायचे. हेच जावयाचे आजोबा.

प्रश्न : माझे वडील लालबागला गिरणीत जॉबर होते. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत अकरा जण राहिलो. गोऱ्या कामगारांची गोष्ट वाचताना वाटतं की त्यांचं आपल्यापेक्षा बरंच असेल. घर तर स्वतःचं होतं म्हणता. खरं काय?

उत्तर : दादा, शहर बघून उत्तर बदलतं. मिलवॉकीत जमीन स्वस्त, लाकूड मुबलक, म्हणून मजुरालाही छोटं लाकडी घर गहाण टाकून घेता यायचं. न्यूयॉर्कला याल तर तुमची चाळ बरी वाटेल. तिथे मॅनहॅटनच्या खालच्या पूर्व भागात क्लाइनडॉयट्शलांट म्हणून वस्ती होती, म्हणजे छोटा जर्मनी, पाच-सहा मजली इमारती, आतल्या खोल्यांना खिडकीच नाही, आणि त्याच खोलीत आख्खं कुटुंब सिगार वळायचं, बाप पान कापतोय आई वळतेय पोरं देठं काढतायत. १८८४ ला घरात सिगार वळायला बंदी करणारा कायदा केला तर पुढच्याच वर्षी कोर्टाने तो रद्द केला, म्हणे माणसाच्या घरात काय चालतं त्यात सरकारने पडू नये. मालकांना बरंच झालं!

त्याच वस्तीतली एक गोष्ट सांगते, ऐकून मन खराब होतं. १५ जून १९०४, बुधवार. सेंट मार्क्स नावाच्या जर्मन चर्चची वार्षिक सहल, जनरल स्लोकम नावाची बोट भाड्याने घेतलेली. वार बुधवार म्हणजे बाप्ये कामावर, बोटीवर बायका आणि पोरं. नदीतच आग लागली, लाइफ जॅकेटं कुजलेली, पाण्याचे होस फाटलेले. हजारावर माणसं गेली. संध्याकाळी कारखान्यातून सुटलेले पुरुष घरी आले तर घरात कोणी नाही. बरेच जण नंतर ती वस्ती सोडून शहराच्या वरच्या भागात गेले, छोटा जर्मनी तसा आधीच ओसरायला लागला होता, तो मग संपलाच.

आजारपणाचं विचाराल तर आपली गावकीची भिशी असायची तसंच, वर्गणी काढून फंड. न्यूयॉर्कमध्ये १८८४ लाच जर्मन कामगारांनी आजारपण आणि मयतीसाठी असा एक मोठा फंड काढला. गंमत बघा, बिस्मार्कने जर्मनीत कामगारांना आजारपणाचा विमा दिला त्याचा कायदा १८८३ चा, अपघाताचा १८८४, म्हातारपणाच्या पेन्शनचा १८८९. म्हणजे काकूंच्या जावयाचे पणजोबा बोटीत बसले आणि मागे त्यांच्या देशात विमा सुरू झाला! इकडे विस्कॉन्सिनमध्ये कामावर हात तुटला तर भरपाई मिळायचा कायदा व्हायला १९११ उजाडलं, आणि त्यातही ते राज्य अमेरिकेत पुढारलेलं.

प्रश्न : एक मे च्या मागे जर्मन कामगार होते असं कॉलेजात सर म्हणाले. पण आपल्याकडे तर तो महाराष्ट्र दिन.

उत्तर : दोन्ही. महाराष्ट्र दिन १९६० चा, कामगार दिन त्याच्या खूप आधीचा, भारतात पहिल्यांदा १९२३ ला मद्रासमध्ये साजरा झाला. मूळ शिकागोचं. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी संप, ३ तारखेला मॅककॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या घातल्या, ४ ला हेमार्केटला सभा, तिचं पत्रक इंग्रजी आणि जर्मन दोन्हीत छापलेलं. बॉम्ब पडला, पोलीस मेले, लोक मेले. बॉम्ब कोणी टाकला ते आजपर्यंत कळलं नाही पण आठ जणांवर खटला झाला, त्यातले पाच जर्मनीत जन्मलेले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी, एकाने आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ ला माफी दिली ती गव्हर्नर आल्टगेल्डने, तोही जर्मनीतच जन्मलेला. आणि ५ मे ला मिलवॉकीत बे व्ह्यू भागात सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला, निदान सात गेले, त्यात एक तेरा वर्षांचा पोरगा, तिथे बहुतेक पोलिश कामगार होते. काकूंच्या पणजोबांचं लग्न त्याच १८८६ चं.

अजून एक, सरांना सांगा. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० ला. त्याच काळात अमेरिकेत जर्मन कामगार रविवारसाठीच भांडत होते पण वेगळं कारण, सुट्टी होती, तिथले कर्मठ लोक म्हणत रविवारी गुत्ते बंद ठेवा. आणि जर्मन माणूस रविवारी बायकापोरांना घेऊन झाडाखाली बँड ऐकत बिअर पिणार, त्याला त्यात पाप कसलं ते समजतच नव्हतं. मला दोन्ही भांडणं सारखीच महत्त्वाची वाटतात, हसा हवं तर.

प्रश्न : श्मिट या जर्मन आडनावाचं स्मिथ एलिस आयलंडच्या कारकुनांनी केलं हे खरं का? (न्यू जर्सीहून)

उत्तर : नाही. तिथला कारकून नाव लिहीतच नव्हता, बोट निघाली त्या बंदरात यादी तयार व्हायची, हा फक्त ती वाचून खूण करायचा. नावं लोकांनी नंतर स्वतःच बदलली. कारखान्यात फोरमनला जीभ वळत नाही म्हणून, दुकान काढलं म्हणून, आणि ढिगाने १९१७-१८ ला. बंदराच्या याद्या शोधणार असाल तर हॅम्बुर्गच्या १८५० पासूनच्या टिकल्यात, ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून तिथल्याच लोकांनी फेकून दिल्या. आणि १८९० ची अमेरिकन शिरगणती शोधत बसू नका, १९२१ ला वॉशिंग्टनला आग लागली, तिच्यात आणि तिच्यानंतर जवळजवळ सगळी गेली.

परत मिरजेच्या काकूंकडे, ठशांचं.

अठरावा रकाना मी मुद्दाम सोडला होता. नागरिकत्व. पणजोबांच्या समोर लिहिलंय पीए, म्हणजे पेपर्स. नागरिक व्हायला दोन कागद लागायचे, पहिल्यात नुसता इरादा जाहीर करायचा, काही वर्षांनी दुसरा केला की नागरिक. विस्कॉन्सिनमध्ये त्या काळात नुसत्या पहिल्या कागदावर मत देता यायचं, मग दुसऱ्यासाठी एक दिवसाची मजुरी कोण बुडवणार, शेकडो लोकांनी केलाच नाही. चालून जात होतं. १९१७ पर्यंत.

एप्रिल १९१७ ला अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि एका रात्रीत हे सगळे अर्धेकच्चे लोक शत्रूराष्ट्राचे परके ठरले. फेब्रुवारी १९१८ ला पुरुषांना नोंदणी करायला लावली, शहरात पोलिसांकडे, खेड्यात पोस्टमास्तरकडे, फोटो आणि दहा बोटांचे ठसे. जूनमध्ये बायकांची पाळी. आता आठवा, पणजी विस्कॉन्सिनमध्ये जन्मली होती, जर्मनी तिने डोळ्याने पाहिली नव्हती. पण १९०७ चा कायदा असा की अमेरिकन बाईने परक्या पुरुषाशी लग्न केलेलं असेल तर तिचं नागरिकत्व नवऱ्याचं. म्हणजे ती जर्मन. बावन्न वर्षांची बाई, नऊ बाळंतपणं झालेली, ज्या गावात जन्म काढला त्याच गावच्या पोलीस ठाण्यात जाऊन शाईत बोटं बुडवून आली. तुमच्या घरातली गोष्ट याच्याशी तंतोतंत जुळते काकू, मला तरी दुसरं कारण दिसत नाही. गुन्हा काही नाही, गुन्हा म्हणायचाच तर विसाव्या वर्षी केलेलं लग्न.

युद्ध चालू असेपर्यंत पणजोबांना दुसरा कागदही सहज करता आला नसता. १९२० ला देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला, तोपर्यंत नवरा नागरिक झाला नसेल तर हिला तोही नाही. तो कायदा बराचसा बदलला १९२२ ला, आणि तेव्हासुद्धा हिच्यासारख्या आधी गमावलेल्यांना अर्ज करून परत घ्यावं लागायचं, स्वतःचंच!

जावयाच्या घरात जर्मन का बोलत नाहीत, गोष्टी का नाहीत, हे तुम्ही विचारलं नाहीत पण उत्तर इथेच आहे. त्या वर्षी सारक्राउट, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, त्याला लिबर्टी कॅबेज म्हणायला लागले, आयोवाच्या गव्हर्नरने फोनवरसुद्धा इंग्रजीच बोला म्हणून फतवा काढला, आणि एप्रिल १९१८ ला इलिनॉयच्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन कामगाराला जमावाने झाडाला फाशी दिली. जावयाचे आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. आईचे ठसे घेतलेले त्यांनी पाहिले असणार, मग घरात कोण जर्मन बोलेल सांगा.

तर प्रोजेक्टमध्ये ठशांचं लिहायचं, नक्की लिहायचं. आणि झाडावर आजोबांच्या पिढीत पाच चौकोन काढू नका, नऊ काढा. चौघांची नावं बहुतेक चर्चच्या दफनाच्या वहीत सापडतील, मिलवॉकीतल्या जुन्या ल्युथरन चर्चना जावयाने फोन करून बघावं. वही मिळाली की पान उलगडायला त्रास होईल, ते जुनं जर्मन वळण आपल्या मोडीसारखंच आहे, त्यातला ई हुबेहूब एन सारखा दिसतो. मोबाईलने फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवायचा, पूर्ण पान यायला हवं, कडेचे शेरे कापू नका, वय आणि आजार तिथेच लिहितात. मला पाठवा, मी वाचून देते.